रथाचे चाक आणि मोटारीची स्टेपनी

सन २०२५ मधील आषाढ शुद्ध द्वितीया २७ जून रोजी आली. त्या दिवशी कोलकात्याच्या रस्त्यावरून इस्कॉन संस्थेच्या जगन्नाथाचा जो रथ निघाला, त्याच्या खाली सुखोई या लढाऊ विमानाचे टायर होते. ही बातमी वाचून कित्येकांना हसू आले, कित्येकांना कौतुक वाटले. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या विमानाचे चाक आणि ताशी दीड किलोमीटरही न चालणारा, दोरखंडांनी ओढला जाणारा देवरथ, असा तो योग होता. परंतु ज्यांना त्या रथाचा पूर्ववृत्तान्त ठाऊक होता त्यांना याचे फारसे नवल वाटले नाही. कारण त्याच रथाला १९७७ पासून बोइंग ७४७ या प्रचंड प्रवासी विमानाचे टायर होते. ते झिजले, जुने झाले, आणि त्याच मापाचे दुसरे मिळेनात. संस्थेच्या लोकांनी कित्येक वर्षे शोध केला, आणि अखेर सुखोईचा टायर जुन्याच्या व्यासाला जवळ जातो असे आढळल्यावर तो बनविणाऱ्या कारखान्याकडे मागणी नोंदविली. रथासाठी लढाऊ विमानाचे टायर कोण मागतो, म्हणून कारखानदारांना प्रथम ती मागणी खरीही वाटली नाही, अशी हकीकत वर्तमानपत्रांत आली होती.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच साधा प्रश्न होता : नवे चाक जुन्या रथाला बसेल काय? हाच प्रश्न आज मोटार बाळगणारा प्रत्येक गृहस्थ टायरच्या दुकानात उभा राहून विचारतो आणि दुकानदाराने 'बसेल हो' म्हटले की समाधान मानतो. आम्हांस या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो वाटतो त्याहून फार जुना आहे, आणि आमच्या देवळांच्या अंगणातून जातो.

प्रथम शब्द पाहू. ऋग्वेदकालीन रथकाराजवळ चाकाच्या प्रत्येक अवयवाला स्वतंत्र नाव होते. मधला तुंबा म्हणजे नाभि, त्यातून निघणाऱ्या काड्या म्हणजे अर, त्यांना वेढणारा घेर म्हणजे नेमि, घेराच्या बाहेरची पट्टी म्हणजे पवि, आणि चाक आसावरून निसटू नये म्हणून घातलेली खीळ म्हणजे आणि. नाभीला आरपार जे भोक असते, ज्यातून आस जातो, त्याला 'ख' म्हणत. या एकाक्षरी शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. आपण रोज उच्चारतो तो 'सुख' शब्द ऋग्वेदात रथाचे विशेषण म्हणून येतो. आणि ज्याचा 'ख' चांगला, म्हणजे ज्याच्या तुंब्याचे भोक आसावर नेमके बसते, तो रथ 'सुख', अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. पंडितांत याविषयी मतभेद आहेत, आणि 'दुःख' शब्द त्याच्याच धर्तीवर मागाहून घडला असावा असेही कित्येक म्हणतात. तो वाद भाषाशास्त्रज्ञांनी मिटवावा. आम्हांला एवढेच दिसते की, भोक सैल झाले की चाक डुगडुगते आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात, ही गोष्ट तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पक्की माहीत होती.

केवळ शब्दच नव्हते, मापेही होती. शुल्बसूत्रांत एका वेदीचे मान रथावरून दिलेले आहे. तेथे ईषा म्हणजे रथाची लांब दांडी १८८ अंगुळे, अक्ष म्हणजे आस १०४ अंगुळे, आणि युग म्हणजे जू ८६ अंगुळे, अशी मापे येतात. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर आस सुमारे साडेसहा फुटांचा होतो. जे माप यज्ञवेदीच्या आखणीला आधार म्हणून सांगता येते, ते सर्वांच्या परिचयाचे आणि ठरलेले असले पाहिजे हे उघड आहे. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रथाध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात बारा मापे रुंदीच्या मोठ्या रथापासून एकेक माप कमी करीत सहा मापांपर्यंत सात आकार सांगितले आहेत, आणि रथांचे प्रकार देताना युद्धाच्या व प्रवासाच्या रथांच्याही आधी देवरथ घातला आहे. सरकारी कोठारात निरनिराळ्या मापांचे रथ बाळगावयाचे, तर एकाचे चाक दुसऱ्याला लागेल की नाही याची नोंद ठेवणे हे रथाध्यक्षाचे काम असणारच, असा आमचा तर्क आहे.

देवरथांच्या बाबतीत मात्र दोन परंपरा अगदी निरनिराळ्या पडल्या. पुरीची परंपरा अशी की, चाक बसेल की नाही हा प्रश्नच उद्भवू द्यावयाचा नाही. तेथे तिन्ही रथ दरवर्षी नव्याने घडतात. अक्षय्य तृतीयेला कामास आरंभ होतो आणि आषाढी द्वितीयेच्या आत जगन्नाथाच्या नंदिघोषाची १६, बलभद्राच्या तालध्वजाची १४ व सुभद्रेच्या दर्पदलनाची १२, अशी एकूण ४२ चाके तयार व्हावी लागतात. आस आणि तुंबा एकाच हंगामात, एकाच कारागिरांच्या हातून, एकाच काठीने मोजून निघतात. यात्रा झाली की रथ मोडतात. घोडे, सारथी आणि पार्श्वदेवता यांच्या काष्ठमूर्ती तेवढ्या पुढल्या वर्षासाठी ठेवतात, आणि बरेचसे लाकूड देवाच्याच मुदपाकखान्यात जळते. यात उधळपट्टी दिसली तरी एक मोठी सोय आहे. जुन्या आसाला नवे चाक जुळविण्याची कटकट त्या सुतारांना कधी पडत नाही.

आमच्याकडे कोकणपट्टीत असे नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथील जत्रांतले रथ काय, गोकर्णाचा शिवरात्रीचा रथ काय, किंवा शिरालीच्या चित्रापूर मठाचा चैत्री पौर्णिमेचा रथ काय, रथ हा पिढ्यान्‌पिढ्या जपावयाचा, रथशाळेत ठेवावयाचा आणि वर्षातून ठरल्या तिथीला बाहेर काढावयाचा. अशा रथाचा वरचा नक्षीदार डोलारा टिकतो. झिजते, फुटते, कुजते ते चाक. भार सारा त्याच्यावर, आणि जमिनीची ओलही त्यालाच. म्हणून जुना रथ आणि नवे चाक यांची गाठ घालण्याचे काम आमच्या मेस्त्रींच्या वाट्याला आले. त्यात त्यांनी जे शहाणपण मिळविले ते त्यांच्या हातांत राहिले, ग्रंथात आले नाही.

ते शहाणपण पाहावयाचे तर बैलगाडीच्या चाकाकडे जावे. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आपण धाव म्हणतो. किती सुंदर शब्द आहे हा! वेदांतील पवि तीच ही. धाव बसविणे हा पूर्वी गावातील एक प्रेक्षणीय सोहळा असे. लोहार प्रथम लाकडी चाकाचा घेर मोजतो आणि मग पट्टीचे कडे मुद्दाम त्याहून किंचित लहान करतो. तसे ते चाकावर चढणे अशक्यच. मग गोवऱ्यांच्या आणि लाकडांच्या जाळात ते कडे लाल होईपर्यंत तापवितात. लोखंड फुगते, कडे मोठे होते, चिमट्यांनी उचलून ते चाकावर ठेवतात, घणाने चारी बाजूंनी ठोकतात, आणि लाकूड धुमसू लागताच पाण्याचे हंडे ओततात. थंड होताना कडे आवळते आणि अरे, घेर, तुंबा असे सगळे सांधे करकरून एकमेकांत घट्ट बसतात. येथे सारी मेख 'किंचित लहान' या दोन शब्दांत आहे. फार लहान केले तर कडे चढत नाही, किंवा चढून अरे वाकविते. बरोबर मापाचे केले तर पहिल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव खळ्‌कन गळून पडते. किती लहान हे लोहाराला नजरेने कळे. मापाने बसणारी वस्तू आणि उपयोगाला बसणारी वस्तू या दोन निराळ्या असतात, हे त्या माणसाला कोणी शिकवावे लागले नाही.

इंग्रजी अमदानीत याच प्रश्नाने आगगाडीचे रूप घेतले. मुंबई-ठाणे मार्ग १८५३ साली सुरू झाला तो साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवर. मुरगावाहून कॅसलरॉककडे जाणारा मार्ग झाला तो मीटर रुंदीचा. आसाची लांबी निराळी म्हणून एकीचे डबे दुसरीवर जात नसत. ज्या स्थानकांत दोन मापांचे रूळ एकमेकांना भेटत, तेथे उतारूंनी वळकट्या घेऊन गाडी बदलावयाची आणि हमालांनी पोती एका डब्यातून दुसऱ्यात टाकावयाची, असे शंभर वर्षे चालले. गेल्या शतकाच्या शेवटी गोव्याचा मार्ग रुंद झाल्यावर ती यातायात संपली.

आता रबराकडे येऊ. हवेने फुगविलेल्या चाकाची कल्पना प्रथम स्कॉटलंडातील रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ साली नोंदविली. रबर चढविलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे आवरण, असा त्याचा प्रकार होता. घोडागाडीला तो लावूनही दाखविण्यात आला, पण काळाच्या फार आधी जन्मला म्हणून विस्मृतीत गेला. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली. त्याचे नाव घरोघर झाले. परंतु टॉमसनची जुनी नोंद उजेडात येताच डनलॉपचा मक्ता रद्द ठरला. डनलॉपचा टायर चाकाला चिकटविलेला असे. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी १८९१ साली काढता-घालता येणारा टायर केला, आणि १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावून ते स्वतः उतरले. वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर होऊन त्यांची दैना उडाली. पण टायर निघू शकतो व दुसरा बसू शकतो, हे जगाला दिसले. आणि निघू शकतो म्हटल्याबरोबर 'दुसरा कोणता बसेल' हा जुना प्रश्न नव्या वेषात दारी उभा राहिला.

आरंभीची पंचवीस-तीस वर्षे या बाबतीत मोठा गोंधळ होता. काही टायरांच्या कडा रबराच्याच असून कंगोऱ्याप्रमाणे चाकाच्या खाचेत अडकत. काहींच्या कडांत तारा असून त्या सरळ बसत. बाहेरून माप एकच लिहिलेले, पण एक प्रकार दुसऱ्याच्या चाकावर चढविला तर वेगात सुटून जावयाचा. १९०८ पासून १९२७ पर्यंत लक्षावधींनी विकली गेलेली फोर्डची मॉडेल टी मोटार घ्या. अमेरिकेत बनलेल्या या गाडीच्या पुढच्या चाकांना ३० बाय ३ आणि मागच्यांना ३० बाय ३॥ मापाचे टायर असत. यातील ३० इंच हा टायरचा बाहेरचा व्यास व दुसरा आकडा त्याची जाडी. म्हणजे पुढे ३० मधून दोन बाजूंचे ६ इंच वजा जाता चाक उरते २४ इंचांचे, आणि मागे ७ वजा जाता २३ इंचांचे. उभी गाडी पाहून चारी चाके सारखी वाटत, आणि एकीचा टायर दुसऱ्यावर बसत मात्र नसे! मालकाला दोन जातींचे सुटे टायर जवळ बाळगावे लागत. उलट ३१ बाय ४ हा टायर, जो आकड्यांवरून अगदीच परका वाटतो, तो मागच्या चाकावर बिनदिक्कत बसे. कारण ३१ मधून ८ गेले की २३ च राहतात. ज्याला वजाबाकी येत होती त्याला हे ठाऊक होते, इतरांना दुकानदार सांगेल ते खरे. आज मात्र टायरवर बाहेरचा व्यास न लिहिता चाकाचा व्यास लिहितात, त्यामुळे ही एक फसगत टळली आहे.

याच काळात वेल्स प्रांतातील लानेली नावाच्या गावी डेव्हिस आडनावाच्या भावांनी १९०४ साली एक तोडगा काढला. त्या वेळच्या मोटारींचे चाक सहज निघत नसे; रस्त्यात पंक्चर झाले की तेथेच बसून टायर उतरवावा लागे. या भावांनी अरे नसलेले, तुंबा नसलेले, नुसते कड्यासारखे चाक केले, त्यावर आधीच फुगविलेला टायर चढविला, आणि पंक्चर झालेल्या चाकाच्या काठाला ते चिमट्यांनी बाहेरून आवळून बसविण्याची सोय केली. या कड्याला 'ख' नव्हताच. त्यामुळे आस कोणता, भोक केवढे, हे पाहण्याची गरज नव्हती. काठाचे माप जुळले की झाले. ज्या रस्त्यावर त्यांचे दुकान होते त्याचे नाव स्टेपनी. ते कडे इंग्लंडात कधीच विसरले गेले. पण इंदूरपासून बेळगावपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत आमचा कोणताही ड्रायव्हर मोटारीच्या जादा चाकाला आजही स्टेपनीच म्हणतो. वेल्समधील एका गल्लीचे नाव हिंदुस्थानच्या प्रत्येक गाडीत असे बसून आहे, आणि ते इतके चपखल बसले आहे की ते परके आहे याची कोणाला शंकाही येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात आमच्याकडे हा प्रश्न काही वर्षे जणू निद्रिस्त होता. रस्त्यावर मुख्यत्वे दोनच मोटारी. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, म्हणजेच पुढे पद्मिनी. अँबॅसडरला ५.९०-१५ आणि फियाटला ५.२०-१४. ही दोन मापे प्रत्येक पंक्चरवाल्याला तोंडपाठ. वडिलांच्या गाडीचे चाक मुलाच्या गाडीला आणि डॉक्टरांचे वकिलांना चाले. पद्मिनी २००० च्या सुमारास व अँबॅसडर २०१४ साली बंद पडली. आता शेकडो नमुने, आणि एकाच नमुन्याला किंमतीप्रमाणे दोन-तीन मापांची चाके. त्यातून मूळची पोलादी चाके काढून मिश्रधातूची चकचकीत चाके लावण्याची हौस. त्यामुळे वेदकालीन रथकाराचे सारे प्रश्न पुन्हा जागे झाले आहेत.

त्यातील पहिला आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित प्रश्न 'ख' चाच आहे. मोटारीच्या चाकाच्या मध्यभागी जे मोठे भोक असते ते आसाच्या पुढे आलेल्या गोल तोंडावर बसते, आणि चाक मध्यावर आणण्याचे काम वस्तुतः तेच करते. सुझुकी व टोयोटाच्या कित्येक लहान गाड्यांत हे माप ५४.१ मिलिमीटर असते, होंडाच्या कित्येक गाड्यांत ५६.१. या दोन्ही जातींच्या पुष्कळ गाड्यांना चार बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. तेव्हा होंडाचे चाक सुझुकीला 'बसते'. पण भोकात दोन मिलिमीटरांची ढिलाई राहते. उलट सुझुकीचे चाक होंडाला चढतच नाही. बाजारातील मिश्रधातूची चाके बहुधा ७३ मिलिमीटरांच्या मोठ्या भोकाची करतात, म्हणजे ती कोणालाही लागावीत, आणि मधली जागा भरण्यास कडी देतात. ही कडी घालण्यास कारागीर विसरला की ताशी ऐंशीच्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागते, आणि मालक बिचारा टायरला दोष देत राहतो.

बोल्टांच्या वर्तुळाची गोष्ट याहून फसवी आहे. फियाटच्या गाड्यांत ते ९८ मिलिमीटर, इतर पुष्कळांत १००. दोन मिलिमीटरांचा फरक डोळ्यांना दिसत नाही, नटही फिरतात. पण ते तिरपे बसतात, आणि तिरपा बसलेला नट रस्त्यात ढिला होतो. चार बोल्टांचे चाक असेल तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजावे, म्हणजे हे माप निघते. नटाचे तोंडही पाहावे लागते. कित्येक चाकांत नटाची बैठक शंकूसारखी उतरती असते, होंडाच्या मूळ चाकांत ती वाटीसारखी गोल असते. शंकूच्या नटाला वाटीची बैठक दिली तर तो एका बारीक रेषेवर टेकतो, आवळल्याचा भास होतो आणि पुढे सुटतो.

मग चाक आत किती आणि बाहेर किती. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि आसाला टेकणारी त्याची बैठक यांतील अंतर चाकावर मिलिमीटरांत कोरलेले असते. मूळच्या ४५ च्या जागी ३५ चे घातले तर चाक दहा मिलिमीटर बाहेर येते. ते चाकावरच्या पत्र्याला घासते, आणि बेअरिंगवर न ठरविलेला भार पडतो. उलट केले तर आतल्या बाजूस लागते. हे तपासावयाचे तर स्टीअरिंग दोन्हीकडे पुरते वळवून, आणि गाडीत माणसे बसवून तपासावे. रिकाम्या, सरळ उभ्या गाडीत सर्वच बसते!

टायरच्या मापाचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावे. १८५/६५ आर १५ याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६५, आणि चाक १५ इंचांचे. बाजूची उंची झाली १२०.२५, दोन्हीकडची २४०.५, चाकाचे ३८१, बेरीज ६२१.५ मिलिमीटर. आता त्याजागी १९५/५५ आर १६ लावू म्हटले तर बेरीज ६२०.९ येते. फरक एक मिलिमीटरही नाही. वेगमापक खरे सांगेल, उंची बदलणार नाही. येथपर्यंत उत्तम. परंतु यापुढेही एक आकडा असतो, आणि तो कोणी वाचत नाही. पहिल्या टायरवर सहसा ८८ लिहिलेले असते, म्हणजे त्याची भारक्षमता ५६० किलो. दुसऱ्यावर ८७, म्हणजे ५४५ किलो. गाडी बनविणाऱ्याने ८८ मागितला असेल, तर व्यास जुळूनही हा टायर नापासच म्हणावा लागेल. उलट १४५/७० आर १२ च्या जागी १५५/६५ आर १३ घालावा म्हटले तर व्यास ५०७.८ वरून ५३१.७ वर जातो. काट्यावर ६० दिसताना गाडी जवळजवळ ६३ ने धावत असते. व्यासातील फरक शेकडा तीनच्या आत असावा, असे या धंद्यातील जाणते सांगतात. याशिवाय मिशेलिनने १९४६ मध्ये नोंदविलेला रेडियल टायर आणि जुन्या आडव्यातिडव्या विणीचा टायर एकाच आसावर कधी घालू नयेत. दोघांची वळणावरची चाल वेगळी आहे.

हे सर्व मोटारीचे झाले. पण आम्ही लेखाच्या आरंभी रथ उभा केला आहे, त्याच्याकडे परत गेले पाहिजे. कारण अलीकडे लाकडी चाके काढून पोलादी किंवा रबरी चाके लावावीत असा विचार कित्येक देवस्थानांत होतो. हा विचार नवा नाही. बंगालमध्ये हुगळीकाठी माहेश येथे जगन्नाथाचा फार जुना रथोत्सव आहे. तेथील रथाला १८८५ सालापासून लोखंडी सांगाडा आणि बारा लोखंडी चाके आहेत. (अँबॅसडरचा उत्तरपाडा याच हुगळी जिल्ह्यात, आणि डनलॉप कंपनीचा १९३६ सालचा साहागंजचा टायर-कारखानाही त्याच जिल्ह्यात. चाकाच्या इतिहासाची एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात असेल असे वाटत नाही.) तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या भेल या सरकारी कारखान्याने अनेक देवळांच्या रथांना पोलादी चाके व आस करून दिले, आणि तिरुवारूरच्या प्रचंड रथाला द्रवदाबाचे ब्रेकही बसविले. ब्रेकची गरज का पडली, हे समजून घेण्यासारखे आहे. लाकडी आसावर लाकडी तुंबा जड फिरतो. लोक ओढावयाचे थांबले की रथ आपोआप थांबतो, आणि चाकाखाली लाकडी पाचर सरकवून त्याला वळविता वा अडविता येते. पोलादी चाक बेअरिंगवर हलके फिरते. ओढणाऱ्यांचे श्रम वाचतात खरे, पण उतारावर तोच हलकेपणा ओढणाऱ्यांच्या पाठीवर येतो. चाक बदलले आणि थांबविण्याची व्यवस्था जुनीच ठेवली, तर ते चाक बसले असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळ कळिमेडू येथे देवाचा रथ वरच्या उच्चदाबाच्या विजेच्या तारेला लागून अकरा माणसे मृत्युमुखी पडली. तेथे चाकांचा काही संबंध होता असे आम्हांला म्हणावयाचे नाही. परंतु चाकाचा व्यास एक फुटाने वाढला की कळस सहा इंच वर जातो, हे त्रैराशिक मांडल्याशिवाय कोणत्याही समितीने नवी चाके लावू नयेत. मोटारीत वेगमापक चुकतो. रथात तारेचे अंतर चुकते.

तिसरी गोष्ट भाराची, आणि ती मोटारीहून कठीण आहे. मोटारीला स्प्रिंगा असतात, म्हणून चारी चाके जमिनीला धरून राहतात. रथाचा सांगाडा ताठ असतो. रस्त्यात खड्डा आला की एक चाक अधांतरी होते आणि साऱ्या रथाचा, वर बसलेल्या पुजाऱ्यांचा, वाजंत्र्यांचा भार उरलेल्यांवर जातो. तेव्हा एकूण वजनाला चाराने भागून टायर निवडणे ही चूक होय. दोन चाकांनी सारा भार क्षणभर पेलला पाहिजे असे धरूनच निवड करावी. विमानाचे टायर कोलकात्याच्या रथाला का मानवले, त्याचे मर्म येथे आहे. वेग त्यांना नको होता. उतरताना विमानाचा सारा भार झेलणारी ती ताकद हवी होती.

चौथी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि रबरी चाकांच्या बाबतीत तीच घातक आहे. मोटारीचा टायर झिजून संपतो. रथाचा टायर झिजत नाही. तो वर्षातून एक-दोन दिवस, कोसभरही न चालता, पुन्हा रथशाळेत जातो. त्याच्यावरची नक्षी नव्यासारखी दिसते, म्हणून सगळे त्याला नवा समजतात. पण रबर वयाने मरते. कडेला बारीक चिरा पडतात, आतील दोऱ्यांची पकड सुटते, आणि अकरा महिने एकाच जागी भार घेऊन उभे राहिल्याने तळाशी चपटेपणा येतो. यावर उपाय म्हणून उत्सव संपताच रथ लाकडी ओंडक्यांवर उचलून ठेवावा, म्हणजे टायर अधांतरी राहतील. आणि टायरचे वय त्याच्याच अंगावर लिहिलेले असते. कडेला लहानशा चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. ही चौकट पुष्कळदा आतल्या बाजूस येते, म्हणून ती पाहण्यास रथाखाली शिरावे लागते.

कोलकात्याच्या मंडळींनी नवे टायर आले म्हणून ते यात्रेच्या सकाळी चढविले नाहीत. आधी ते बसवून, रथ चालवून, चाचणी घेतली, आणि मग द्वितीयेला दोरखंड लोकांच्या हाती दिले. आमच्याकडील बऱ्याच जत्रा माघात येतात, म्हणजे दिवाळीनंतर दोन-तीन महिने हाताशी असतात. त्या अवधीत एखाद्या रविवारी मेस्त्रीला आणि गावातील एखाद्या टायरवाल्याला बरोबर घेऊन रथशाळेचे दार उघडावे. एक फूटपट्टी, एक दोरी आणि ते चार आकडे वाचण्यापुरती एक विजेरी एवढे सामान पुरे आहे.